स्टॅक नॉबवाला जुना जॅझ बास शोधताय?

फेंडर कंपनीचा जॅझ बास हा बास गिटार १९६० ला आला आणि पहिली एक-दोन वर्षं त्याला एकावर एक बसवलेले नॉब होते, तोच हवा असेल तर रिव्हर्ब या वाद्यविक्रीच्या साइटवर सर्च सेव्ह करून ठेवा, डिजिमार्ट या तशाच जपानी साइटवर पण अधूनमधून डोकवा. सिरीयल नंबरवर भाळू नका राव, तो ज्या धातूच्या प्लेटवर असतो ती चार स्क्रू काढले की बदलता येते. त्यापेक्षा नेक काढून हीलवरच्या, म्हणजे नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावरच्या, तारखेचा आणि आत पॉटवरच्या, म्हणजे नॉबखालच्या इलेक्ट्रिक भागावरच्या, कोडचा फोटो मागा, समजा ३०४६१२० दिसलं तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६१ साल, २० वा आठवडा. सोल्डर नवंकोरं चकाकत असेल तर कोणीतरी हात घातलाय, भाव पाडा. आणि हो, फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा असतो, सायटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परमिटशिवाय भारतात मागवलात तर कस्टमला अडकू शकतो.