प्रचारात उमेदवाराचं बोलणं कसं सुधारावं? महापालिकेच्या उमेदवारांसाठी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांसाठी

नाशिक महापालिकेत ३१ प्रभाग आणि १२२ नगरसेवक. बहुतेक प्रभागांत चार जागा असल्यामुळे एकाच प्रभागात जुनं गावठाण, कामगारांची वसाहत आणि नवी सोसायटी असं सगळं येतं. उमेदवार मात्र तिन्हीकडे तेच एक भाषण घेऊन फिरतो. ते भाषण सुधारतं कसं, हे पायरीपायरीने पाहू.

१. पहिल्याच कोपरा सभेचं रेकॉर्डिंग करा. मोबाईल पुरेसा आहे. रात्री एकट्याने ऐका आणि फक्त एवढंच बघा, की मतदाराच्या कामाचं पहिलं वाक्य किती वेळाने आलं. बहुतेकांचा सुरुवातीचा वेळ ‘व्यासपीठावरील मान्यवरां’त जातो. कोपरा सभेला मुळात व्यासपीठच नसतं, तरी ही सवय सुटत नाही! नावं दोन घ्या आणि मुद्द्यावर या.

२. एका कार्यकर्त्याकडे वही द्या. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. वही धरणारा घोषणा देणारा नको, तोंडावर ‘दादा, आज बोर झालं’ म्हणू शकणारा हवा. घरात सून किंवा बहीण असेल तर उत्तम. त्याने तुमचं भाषण लिहायचं नाही, लोक काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. लोक कुठे चुळबुळ करायला लागले, हेही.

वही का लागते, ते पाण्याच्या उदाहरणावरून कळेल. ‘पाणीपुरवठ्याची समस्या गंभीर आहे’ असं कुठलीही ताई म्हणत नाही. ती म्हणते, ‘पाणी येतं हो, पण वरच्या टाकीत चढत नाही.’ दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत तुमच्या तोंडी हे वाक्य आलं, की माणसं मान वर करतात. पण तेवढ्यावर थांबलात तर ती नक्कल झाली. दाब कमी का आहे, हे आधी पाणीपुरवठा विभागात विचारून या आणि नगरसेवक म्हणून त्यात काय करता येईल तेवढंच बोला. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकऱ्या लावून देतो, असली आश्वासनं महापालिकेच्या निवडणुकीत लोक हसून सोडून देतात.

३. जागा बदलली की बोलणंही बदला, भूमिका नको. सातपूरला पाळी सुटल्यावर भेटणारा कामगार घरी निघालेला असतो, त्याला दोन मिनिटं पुरे. इंदिरानगरच्या सोसायटीत लोक खुर्च्या मांडून प्रश्न विचारतात, तिथे भाषण नकोच, उत्तरं द्या. सिडकोत खान्देशातून आलेली कुटुंबं पुष्कळ. अहिराणी घरात बोलत असाल तर जरूर बोला, पाठ केलेली दोन वाक्यं मात्र लगेच ओळखू येतात. आणि एका वस्तीत रस्ता रुंद करू म्हणालात अन् पुढच्या वस्तीत दुकानं हलवू देणार नाही म्हणालात, तर दोन्ही व्हिडिओ संध्याकाळपर्यंत एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतील.

४. अवघड प्रश्नाची तालीम करा. ‘पाच वर्षं कुठे होता?’ हा तर येणारच. कार्यकर्त्यांनी विरोधक बनून विचारावं, तुम्ही चिडता कुठे ते बघावं. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या कामांबद्दल विचारलं तर माहीत आहे तेवढं सांगा. उरलेलं ‘विचारून सांगतो’ म्हणा, नंबर घ्या आणि खरंच फोन करा.

५. मर्यादा पाळा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. मंदिर, मशीद वा चर्चमध्ये प्रचार नाही. पंचवटीत पावलोपावली देवळं आहेत, दर्शन घ्या, पण पत्रकं बाहेरच ठेवा. विरोधकाच्या घरगुती गोष्टी काढू नका, आचारसंहितेत बसत नाही आणि ऐकणाऱ्या बायकांनाही आवडत नाही.

६. शेवटच्या दिवसांत मुद्दे कमी करा. चार जागांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं असतं, आणि घोळ नेमका इथेच होतो. म्हणून वहीत सर्वाधिक वेळा आलेला एकच प्रश्न, त्यावरचं तुमचं काम, तुमच्या जागेचं अक्षर आणि चिन्ह, एवढंच प्रत्येक दारात बोला. आजी-आजोबांना नमुना मतपत्रिकेवर बोट ठेवून दाखवा आणि त्यांच्याकडून एकदा म्हणून घ्या.