शी-शूची सवय आणि रात्रीची झोप

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की शेजारपाजारचे “अजून डायपर?” असे विचारू लागतात, परंतु सुरुवात केव्हा करायची हे मुलाच्या खुणांवरूनच ठरवावे. चड्डी दोन तास कोरडी राहणे, शी येताच पडद्यामागे जाऊन उकिडवे बसणे, चड्डी स्वतः खाली ओढणे, या त्या खुणा होत. मुंबईत शक्यतो पावसाळा टाळावा, कारण जुलैत ओले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि मोठ्यांची चिडचिड मुलापर्यंत पोहोचतेच.

चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल, तर पॉटी मोरीजवळ ठेवावी. जेवणानंतर पाच मिनिटे बसवावे. पाय जमिनीला टेकलेले असावेत, कारण पाय अधांतरी असताना मुलाला नीट जोर करता येत नाही. शी कडक होत असेल, तर दुखेल या भीतीने मूल ती रोखून धरते. अशा वेळी सवय लावणे थांबवून आधी पाणी, पपई, भाज्या वाढवाव्यात आणि फरक न पडल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ओरडू मात्र कधीही नये.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास, तर तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. बाबा लोकलने उशिरा घरी येतात म्हणून मुलाला अकरापर्यंत जागे ठेवण्याऐवजी सकाळची अंघोळ बाबांकडे सोपवावी. टीव्ही बंद, दिवा मंद, शू, मग अंगाई, हा क्रम रोज तोच असावा. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे स्वाभाविक आहे. तोवर चादरीखाली रबरी कापड घालावे.