हळदीची बेरीज ५२४८ किलो आली तर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या वजनांसाठी छोटा प्रोग्राम लिहिताय आणि ५२ नि ४८ टाकल्यावर उत्तर १०० ऐवजी ५२४८ आलं, तर काट्याला दोष देऊ नका. पायथनचं इनपुट काय नि जावास्क्रिप्टचं प्रॉम्प्ट काय, टाइप केलेलं सगळं मजकूर म्हणूनच हातात देतात. मजकुरात अधिक म्हणजे नुसती चिकटवाचिकटवी. म्हणून बेरजेआधी मजकुराची संख्या करा: पायथनमध्ये पूर्ण आकड्याला इंट लावा, वजन पॉइंटात असेल तर फ्लोट, जावास्क्रिप्टमध्ये नंबर.

जावास्क्रिप्ट जास्त फसवं. वजाबाकी-गुणाकार करताना ते त्याच मजकुराची गुपचूप संख्या करतं, त्यामुळे बारदानाचं वजन बरोबर वजा होतं आणि बेरीज तेवढी गंडते. पायथनला मजकूर आणि संख्या मिळवायला सांगा, सरळ एरर! मला तर तेच बरं वाटतं.

स्वल्पविराम आधी काढून टाका. १,२०० बघून पायथनचं इंट अडतं, पण जावास्क्रिप्टचं पार्सइंट, म्हणजे मजकुरातून पूर्ण संख्या काढणारं फंक्शन, नुसता १ घेऊन मोकळं होतं. आणि हो, देवनागरी आकडे पायथनच्या इंटला चालतात. जावास्क्रिप्टला चालत नाहीत, तिथे इंग्रजीच टाका.