अमेरिकेत मुलगा झाला, तर: सुंतेचा निर्णय आधीच कसा घ्यावा

अमेरिकेतील रुग्णालयात मुलगा जन्मला, की पहिल्या एक-दोन दिवसांतच 'सर्कमसिजन करायचे आहे का?', म्हणजे शिश्नाच्या टोकावरची त्वचा कापून सुंता करायची का, असे विचारले जाते. आई बाळंतपणाने थकलेली, वडिलांचे जागरण झालेले आणि समोर संमतिपत्र, अशा वेळी दिलेल्या होकारात विचार कमी आणि संकोच जास्त असतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच दोघांनी बोलून ठरवावे आणि सुंता नको असल्यास तसे बर्थ प्लॅनमध्ये, म्हणजे बाळंतपणाबाबतच्या आपल्या इच्छा रुग्णालयाला कळवण्याच्या कागदात, लिहून द्यावे. 'नको' म्हणण्यासाठी कारण द्यावे लागत नाही.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने (बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने) २०१२ साली सुंतेचे फायदे धोक्यांपेक्षा अधिक असल्याचे म्हटले. मात्र सर्वच नवजात मुलांसाठी शिफारस करावी इतके ते मोठे नाहीत, हेही त्याच निवेदनात आहे, आणि गप्पांमध्ये नेमका हाच भाग गळतो. सुंता न झालेल्या साधारण १ टक्का मुलांना पहिल्या वर्षात मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. असा एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १०० निरोगी मुलांची सुंता करावी लागते. एचआयव्हीचा धोका कमी होतो हे दाखवणाऱ्या आफ्रिकेतील चाचण्या प्रौढ पुरुषांवर झाल्या होत्या, त्यामुळे त्या कारणासाठी घाई करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही; मुलगा मोठा झाल्यावर स्वतः ठरवू शकतो.

प्रशिक्षित हातांनी केलेल्या नवजात सुंतेत तात्काळ गुंतागुंत साधारण ५०० पैकी एका बाळाला होते. त्यात रक्तस्राव, संसर्ग आणि त्वचा कमी किंवा जास्त कापली जाणे येते; मूत्रद्वार अरुंद होण्याचा त्रास मात्र पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लक्षात येतो. मूत्रद्वार शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तर सुंता करूच नये, कारण दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत हीच त्वचा लागू शकते. आईच्या भावाला किंवा आईच्या वडिलांना हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर ते न विचारताही सांगावे. रक्त गोठण्यासाठी लागणारे व्हिटॅमिन के बाळाला दिले आहे ना, याचीही खात्री करावी.

होकार द्यायचा असल्यास शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, गोमको किंवा मोगेन हे क्लॅम्प (चिमटे) की प्लास्टिबेल ही प्लास्टिकची कडी, यांपैकी कोणती पद्धत वापरणार आणि भूल कशी देणार, हे विचारावे. केवळ साखरपाणी चोखायला देणे पुरेसे नाही. शिश्नाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करणे अधिक परिणामकारक ठरते.

खर्चाचा एकच आकडा सांगणे अशक्य आहे, कारण डॉक्टरांची फी आणि रुग्णालयाचे शुल्क वेगवेगळे लागू शकते. विमा कंपनीला फोन करताना ५४१५० हा प्रोसिजर कोड आणि झेड४१.२ हा निदान कोड सांगून, किती रक्कम डिडक्टिबलमध्ये (विमा लागू होण्याआधी आपण स्वतः भरायच्या रकमेत) जाईल आणि डॉक्टर नेटवर्कमधील, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले, आहेत का, हे विचारून घ्यावे. अनेक राज्यांत मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) हा खर्च देत नाही. कॅलिफोर्नियाने तो १९८२ मध्येच थांबवला. रुग्णालयातून घरी गेल्यावरही काही आठवडे क्लिनिकमध्ये ही सोय मिळू शकते. ती मुदत उलटली, की बहुधा काही महिने थांबून यूरॉलॉजिस्टकडे पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मग खर्च व जोखीम दोन्ही वाढतात.

क्लॅम्प वापरून सुंता झाल्यावर प्रत्येक डायपर बदलताना जखमेवर पेट्रोलियम जेली लावावी; प्लास्टिबेल असल्यास डॉक्टर सांगतील तसे करावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारा पिवळसर थर बहुधा पू नसून जखम भरत असल्याचे लक्षण असते. प्लास्टिबेलची कडी साधारण ५ ते ८ दिवसांत आपोआप गळते. ती ओढू नये. रक्त थांबत नसेल, सुंतेनंतर १२ तासांत लघवी झाली नसेल, लाली पसरत असेल किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

सुंता करायची नाही असे ठरले, तर फक्त बाहेरून पाण्याने धुणे पुरते. बाळंतपणासाठी आलेल्या आजी किंवा मालिशवाल्या बाई 'रोज तेल लावून कातडी मागे घ्या, नाहीतर पुढे त्रास होतो' असे सांगतात, ते मात्र मानू नये. या वयात ती त्वचा आतून चिकटलेलीच असते. ओढल्यास चिरते, आणि तो व्रण पुढे खरोखरच अडचण करू शकतो. ती आपोआप सुटायला काही वर्षे लागतात. डॉक्टर किंवा नर्स तपासताना जोर लावत असतील, तर त्यांनाही तिथल्या तिथे थांबवावे.