बोट घेण्याआधी ती बांधायची जागा पाहावी

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने लेस्टरहून फोन केला. "काका, इथे कालव्यावर एक बोट विकायला आहे, खोलीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल, घेऊ का?" असे तो विचारत होता. मी इंग्लंडच्या मध्य भागात चार वर्षे अशाच एका बोटीवर राहून नांदेडला परतलो आहे, त्यामुळे मी त्याला आधी एवढेच विचारले की बोट बांधणार कुठे. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे गोठा आणि कडब्याची सोय पाहिल्याशिवाय कोणी बैलजोडी दारात आणून बांधत नाही. बोटीच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही उलट्या क्रमाने जातात. मराठवाड्यातून तिकडे शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्या मुलांसाठी, तसेच इथून त्यांना पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांसाठी, ही माहिती सविस्तर लिहीत आहे.

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे 3,200 किलोमीटरचे कालवे आणि नद्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था 2012 पासून सांभाळते. तिच्या पाण्यात बोट ठेवायची तर परवाना लागतो, आणि 1995 च्या कायद्यानुसार तो दोनच प्रकारे मिळतो. एक तर बोटीला कायमची बांधायची जागा, म्हणजे मूरिंग, दाखवावी लागते. नाहीतर बोट खऱ्या अर्थाने फिरती ठेवावी लागते आणि सर्वसाधारणपणे एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. दोन-चार किलोमीटरच्या टापूत बोट मागेपुढे करत राहिल्यास तिला फिरती मानले जात नाही. शिवाय एप्रिल 2024 पासून कायमची जागा नसलेल्या सगळ्याच फिरत्या बोटींना परवान्यावर अधिभारही पडतो. ज्याला रोज एकाच कार्यालयात किंवा विद्यापीठात जायचे आहे, त्याने फिरत्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा शोधताना सर्वांत मोठी चूक एका शब्दामुळे होते. मरीना म्हणजे बोटी बांधून ठेवण्याचा तळ. तिथल्या बहुतेक जागा 'लेझर मूरिंग', म्हणजे फावल्या वेळेतल्या वापरासाठीच्या जागा असतात. तिथे बोट वर्षभर ठेवता येते, अधूनमधून रात्री मुक्कामही करता येतो, परंतु ते आपले एकमेव घर असू शकत नाही. कायम राहण्यासाठी 'रेसिडेन्शिअल मूरिंग', म्हणजे निवासी जागा लागते, आणि त्या जागेला स्थानिक काउन्सिलची नियोजन परवानगी असावी लागते. हा फरक मला ठाऊक होता, तरीही मी फसलो. एका मरीनाच्या व्यवस्थापकाने "राहा, कोणी विचारत नाही" असे तोंडी सांगितले आणि मी विश्वास ठेवला. दीड वर्षाने काउन्सिलची चौकशी आली, तेव्हा ऐन जानेवारीत एका महिन्याच्या नोटिशीवर मला बोट हलवावी लागली. त्या महिन्यात मी चौदा ठिकाणी फोन केले आणि सगळीकडे प्रतीक्षायादी होती. म्हणून करारनाम्यात 'निवासी' हा शब्द छापलेला आहे की नाही ते स्वतः वाचावे आणि काउन्सिलच्या संकेतस्थळावरील नियोजन परवानग्यांच्या नोंदींत त्या मरीनाचे नाव घालून परवानगी किती बोटींसाठी आहे ते तपासावे. अशा जागेवर बहुधा काउन्सिल टॅक्स भरावा लागतो. तो आपल्या घरपट्टीसारखा कर आहे. तो मरीनाच्या भाड्यात धरला आहे की वेगळा भरायचा आहे, हेही आधीच विचारावे.

निवासी जागा मिळाली तरी भाडेकरूला घरात जे कायद्याचे संरक्षण असते, ते इथे मिळत नाही. तिकडच्या फिरत्या घरांच्या वसाहतींना 1983 चा एक कायदा संरक्षण देतो, परंतु तो बोटींना लागू नाही. याचा अर्थ असा की तुमचे जे काही हक्क आहेत ते करारनाम्यातच आहेत. नोटीस किती दिवसांची, भाडे वर्षातून किती वेळा आणि कोणत्या आधारावर वाढेल, बोट विकल्यास जागा नव्या मालकाकडे जाईल की मरीनाकडे परत येईल, ही तीन कलमे मी सही करण्याआधी दोनदा वाचीन. 'जागेसह बोट विकणे आहे' अशी जाहिरात दिसली, तर मरीनाकडून तसे लेखी आणल्याशिवाय 'जागेसह' या एका शब्दासाठी एक पौंडही जास्त देऊ नये.

रिकाम्या जागा कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या वॉटरसाइड मूरिंग्ज या संकेतस्थळावर दिसतात. खासगी मरीनांना मात्र फोन करून, शक्य झाल्यास प्रत्यक्ष जाऊन विचारणे बरे, कारण चांगली निवासी जागा जाहिरातीपर्यंत पोचण्याआधीच भरते. प्रतीक्षायादीत नाव घालून स्वस्थ न बसता दर महिन्याला आपण होऊन फोन करावा. कालव्याला लागून शेत असलेले काही शेतकरीही आपल्या बांधालगत बोटी बांधू देतात. तिथली शांतता आपल्या माणसाला लगेच आवडते, पण निवासी परवानगी बहुतेक वेळा नसते आणि पाण्याचा नळ कुठे आहे हे पाहून घ्यावे लागते.

भाडे सहसा बोटीच्या लांबीवर ठरते, म्हणून बोट घेण्याआधीच जागा पाहिली की किती लांबीची बोट परवडेल हेही कळते. रुंदीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पारंपरिक नॅरोबोट सुमारे दोन मीटर रुंद असते, कारण तिथल्या कित्येक कालव्यांवरची लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी पाण्याची दारे, जेमतेम सात फूट रुंद आहेत. लेस्टरमधली लॉक रुंद आहेत, परंतु तिथून दक्षिणेला लंडनच्या दिशेने निघाल्यावर फॉक्सटनची दहा लॉक अरुंद लागतात. पुतण्याला जी बोट आवडली होती ती रुंद होती. ती लेस्टरला बांधली असती आणि उद्या नोकरी दक्षिणेला लागली असती, तर ती पाण्यातून तिकडे नेण्याचा सरळ मार्गच नव्हता आणि क्रेन व ट्रेलरचा खर्च अंगावर आला असता.

जागा कालव्यावर आहे की नदीवर, हे नांदेडकराला समजावून सांगावे लागू नये. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरीचे घाट कसे पाण्याखाली जातात ते आपण पाहत आलो आहोत. लेस्टरजवळची सोअर नदीही हिवाळ्यात अशीच फुगते. कालव्याची पातळी बहुतांशी स्थिर राहते, नदीची राहत नाही. नदीवरची जागा घ्यायची असेल तर तरंगता धक्का आहे का, तो उंच खांबांना कड्यांनी अडकवलेला आहे का आणि पुराच्या वेळी धक्क्यावरून रस्त्यापर्यंत चालत जाता येते का, हे पाहावे. पक्क्या काठाला आखूड दोराने बांधलेली बोट पाणी चढल्यावर कलते आणि ओसरताना काठावर अडकते.

पाण्याच्या बाबतीत आपली माणसे तिथल्या नवख्यांपेक्षा तयार असतात, असे मी अभिमानाने सांगतो. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या दिवसांत बादल्या मोजून ज्यांनी घर चालवले, त्यांना बोटीवरची चार-पाचशे लिटरची टाकी आठवडाभर पुरवणे अवघड जात नाही. तरीही नळ आपल्या जागेपासून किती अंतरावर आहे आणि थंडीत तो गोठू नये म्हणून काय व्यवस्था आहे, हे विचारावे. संडासाची टाकी रिकामी करण्याची जागा मरीनातच असावी. तिच्यासाठी दर आठवड्याला बोट हलवावी लागत असेल तर ती जागा स्वस्त असली तरी घेऊ नये.

धक्क्यावर मीटरसह विजेचे कनेक्शन असणे मी अत्यावश्यक समजतो. ते नसले तर बॅटरी इंजिनवर भराव्या लागतात, ट्रस्टच्या नियमानुसार रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवता येत नाही, आणि डिसेंबरात सूर्य जेमतेम आठ तास दिसत असल्याने सौर पॅनेलचा भरवसा नसतो. परभणीची थंडी सोसलेल्या माणसालाही तिथली ओल वेगळीच वाटते, म्हणून कोळसा आणि प्रोपेन गॅस मरीनात मिळतो का ते पाहावे. सिलिंडरमध्ये मिळणारा दुसरा गॅस, ब्युटेन, शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबते आणि चूल पेटत नाही. धक्क्याची वीज जोडल्यावर शेजारच्या बोटींच्या संगतीने आपल्या पोलादी तळाचा गंज वेगाने वाढू शकतो, त्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे असा गंज वाढवणारा विजेचा प्रवाह अडवणारे उपकरण, बसवून घ्यावे.

मरीना विमा आणि दर चार वर्षांनी मिळणारे बोट सेफ्टी प्रमाणपत्र मागते. त्या तपासणीत 2019 पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही पाहिला जातो. टपाल मरीनाच्या पत्त्यावर घेता येईल का, हे करारातच लिहून घ्यावे, कारण बँकेला पत्ता लागतो आणि व्हिसाच्या खात्यातही तो अद्ययावत ठेवावा लागतो. डॉक्टरकडे नाव नोंदवण्यासाठी मात्र इंग्लंडमध्ये पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही.

जागा एकदा दिवसा आणि एकदा हिवाळ्यातल्या पावसाळी संध्याकाळी पाहावी. गाडी लावायच्या जागेपासून बोटीपर्यंत सिलिंडर घेऊन चालून पाहावे, धक्क्यावरचे दिवे लागतात का ते बघावे, आणि कार्यालयात जाण्याआधी तिथे राहणाऱ्या दोघा-तिघांशी बोलावे. पुरात काय झाले आणि भाडे किती वाढले हे तेच खरे सांगतील. बोटीच्या मालकाला बयाणा द्यायची वेळ आलीच, तर निवासी जागेचा सही झालेला करारनामा हातात पडेपर्यंत उरलेली रक्कम देणार नाही आणि जागा न मिळाल्यास बयाणा परत मिळेल, अशी अट पावतीवर लिहून घ्यावी. पुतण्याने तशी अट घातली तेव्हा मालक तयार झाला नाही, म्हणून ती बोट त्याने सोडली. त्याचे नाव सध्या दोन मरीनांच्या यादीत आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो दोन्हीकडे फोन करतो.