ऑइल प्रेशर कमी दाखवतंय? जुन्या गाडीचं इंजिन उतरवण्याआधी या चुका टाळा

घाट चढून अँबॅसॅडर वर आली, टोलनाक्याच्या रांगेत थांबली आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. अशा वेळी मालकाला दोनच सल्ले मिळतात. एक, 'इंजिन गेलं, उतरवून बांधून घ्या'. दुसरा, 'जाड ऑइल टाका, दिवा विझेल'. पहिल्यात हजारो रुपये जातात आणि कधीकधी दोष तसाच राहतो. दुसऱ्यात दोष झाकला जातो आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, झिजत राहतो. म्हणून आधी प्रेशर कधी, किती आणि कसं पडतं ते नीट पाहून घ्या. पाना त्यानंतर हातात घ्यायचा.

यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात हवी. ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते पुढच्या अडथळ्यामुळे. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाण्याला जोर येतो, तसंच हे आहे. इंजिनात अंगठ्याचं काम बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली बारीक फट करते. फट वाढली की प्रेशर उतरतं, पंप कितीही नवा असो. आणि प्रेशर प्रमाणाबाहेर चढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तो जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत सोडतो.

उदाहरणाला अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊ. ते बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं. याच घराण्यातलं इंजिन असलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्ये चालत्या गाडीला ५० ते ८० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आणि स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, १० ते २५ पीएसआय असे आकडे दिलेले आहेत. म्हणजे गरम इंजिन स्लोवर १५ पीएसआय दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही. काही मीटरवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असं माप असतं. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. हे ठाऊक नसल्यामुळे 'माझ्या मीटरवर फक्त ३ दिसतंय' म्हणून हवालदिल झालेले लोक भेटतात. ते ३ म्हणजे ४२ पीएसआयच्या पुढे, चांगलं प्रेशर.

मीटरवर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चाळीस-पन्नास वर्षांचा मीटर, त्याचं सेंडर युनिट (इंजिनावर बसून मीटरला प्रेशर कळवणारा भाग) किंवा दिव्याचा स्विच यांच्यावर विश्वास ठेवून इंजिन उघडायचं नाही. स्विच आतून गळतो, वायर घासून बॉडीला लागते, मीटरचं अर्थिंग सैल होतं. सेंडर काढून त्याच जागी चाचणीचा मेकॅनिकल मीटर नळीसकट जोडा. चांगल्या गॅरेजात तो असतोच. आट्यांचं माप जुळणारं अॅडॉप्टर वापरा, जबरदस्तीने पिळलं तर ब्लॉकमधले आटे जातील. मेकॅनिकल मीटर बरोबर प्रेशर दाखवत असेल तर नवा सेंडर बसवून काम संपतं.

मात्र हे होईपर्यंत दिवा पेटलेला असताना गाडी हाकू नका. 'घर जवळच आहे' असं म्हणत काढलेल्या दोन किलोमीटरमध्ये बेअरिंग क्रँकला चिकटू शकतं. इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा, सपाट जागेवर डिपस्टिक पाहा.

थंड इंजिनावर निदान करणं

सकाळी सुरू केल्यावर ६० पीएसआय दिसलं यावरून काहीच कळत नाही. थंड ऑइल घट्ट असतं, झिजलेलं इंजिनही तेव्हा उत्तम प्रेशर दाखवतं. गाडी चांगली अर्धा तास चालवा. पाण्याचं तापमान लवकर चढतं, ऑइलला वेळ लागतो. मग चार आकडे लिहून ठेवा: थंड स्लो, गरम स्लो, गरम २००० आरपीएम, गरम ३००० आरपीएम. जुने मिस्त्री दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा अंदाज धरतात. तो ढोबळ आहे, पण कामाचा आहे.

आता हे आकडे वाचा. गरम स्लोवर प्रेशर फार कमी, पण आरपीएम वाढवताच ते भराभर चढून ५० च्या आसपास थांबतं? मग पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हवर बहुधा बोट ठेवता येत नाही, फटी वाढल्या आहेत किंवा ऑइल पातळ झालं आहे. कितीही रेस केलं तरी प्रेशर वर जातच नाही? मग दोष रिलीफ व्हॉल्व्ह, पंप किंवा चेंबरमधली पंपाकडे जाणारं ऑइल गाळणारी जाळी यांपैकी कशात तरी आहे. काल चांगलं होतं आणि आज अचानक पडलं, तर झीज हे कारण बहुधा नाही. झीज एका रात्रीत होत नाही. वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लागतो, तर आधी ऑइलची पातळी पाहा.

एक साधी गोष्ट राहून जाते. स्लो फारच खाली सेट केला असेल तर धडधाकट इंजिनाचाही दिवा लुकलुकतो. आधी स्लो मॅन्युअलप्रमाणे करा, मग आकडे घ्या.

जाड ऑइलचा उपाय

या इंजिनांना २०डब्ल्यू-५० हे माफक आणि योग्य ऑइल आहे. आजच्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० टाकून प्रेशर पडलं तर दोष इंजिनाचा नाही. उलट टोकाला जाऊन त्याहून घट्ट ऑइल किंवा डब्यातलं चिकट अॅडिटिव्ह ओतलं की मीटर वर जातो, पण बेअरिंगपर्यंत पोचणारं ऑइल कमी होतं. सकाळी पहिल्या काही सेकंदांत तर इंजिनाच्या माथ्यावरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत ऑइल जायला आणखी उशीर होतो. शिवाय पुढचा मिस्त्री फसतो, कारण खरा आकडा त्याला दिसतच नाही.

ऑइलचा वास न घेणं

ही तपासणी फुकटात होते आणि तरी कुणी करत नाही. अँबॅसॅडर काय किंवा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी काय, दोन्हींचा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला, मेकॅनिकल. त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, गरम स्लोचं प्रेशर कोसळतं आणि हुबेहूब बेअरिंग गेल्यासारखी लक्षणं दिसतात. खूण सोपी आहे: ऑइल न भरता डिपस्टिकवरची पातळी वाढलेली असते आणि तिला पेट्रोलचा वास येतो. अशी गाडी चालवू नका, चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठते आणि आगीचा धोका असतो. पंप दुरुस्त करा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला आणि मगच पुन्हा प्रेशर मोजा. चोक अडकून राहिला तरी हळूहळू हाच प्रकार होतो. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलं आहे, हेड गॅस्केटकडे वळा.

रिलीफ व्हॉल्व्हशी खेळणं

बी-सीरिजमध्ये हा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या मागच्या टोकाला, घुमटाकार नटाच्या आत असतो. नट, स्प्रिंग, प्लंजर, एवढंच. गाडीत इंजिन असतानाच काढता येतो, म्हणून अचानक पडलेल्या प्रेशरसाठी तो आधी उघडावा. बसण्याच्या जागेवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी ऑइल सतत चेंबरमध्ये परत जातं. पुसून साफ करा, प्लंजरवर एका बाजूला ओरखडे आहेत का बघा, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून घ्या. स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर 'वाढवणं' मात्र करू नका. त्याने वरची मर्यादा फक्त सरकते, गरम स्लोवर व्हॉल्व्ह बंदच असतो, तिथे फरक पडत नाही.

डिझेलने धुणं, पंप बदलणं

जुन्या इंजिनात डिझेल किंवा फ्लशिंग ऑइल घालून थोडं चालवायची सवय अजून आहे. वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि जाऊन जाळीवर बसतो, धुण्यानंतर प्रेशर पडण्याचं हे नेहमीचं कारण. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करणं कष्टाचं आहे, पण तेच बरोबर आहे.

पंप बदलण्याआधी तोही मोजा. रोटर प्रकारच्या पंपात फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणि सरळ पट्टी एवढ्यावर काम होतं.

अर्धवट बेअरिंग बदलणं

खरी झीज निघाली तर इथे काटकसर करू नका. क्रँक मायक्रोमीटरने न मोजता नुसते नवे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) बसवले आणि जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, लंबवर्तुळाकार झालेला असला, तर प्रेशर काही हजार किलोमीटरही टिकत नाही. जर्नल ग्राइंड करून दहा किंवा वीस थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) शेल घ्या, बसवताना फट प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या धाग्याने तपासा. जर्नलच्या प्रत्येक इंच व्यासाला सुमारे एक थाऊ फट हे सर्वसाधारण प्रमाण आहे.

आणि कॅमशाफ्टची बेअरिंगं. मेन आणि बिगएंड ही क्रँकची बेअरिंगं नवी करून इंजिन बंद करतात, तीन कॅम बेअरिंग जुनीच राहतात आणि गरम स्लोचं प्रेशर जिथल्या तिथे. ती बसवल्यावर एका रेषेत रीम करावी (आतून कातून मापात आणावी) लागतात, म्हणून कारागीर टाळतात. काम देतानाच हे स्पष्ट बोलून घ्या. रॉकर शाफ्टची झीज आणि त्याच्या टोकांचे प्लगही बघा.

ब्लॉक धुऊन आला की गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे सगळे प्लग परत लागलेत का ते स्वतः पाहा. पंप कोरडा बसवू नका, ऑइलने भरा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, मीटरची सुई हलेपर्यंत. सुई हलत नसेल तर स्पार्क प्लग लावू नका, पंपात ऑइल का येत नाही ते आधी शोधा.