वडिलांच्या आठवणींची पुस्तिका करायची तर

लालबागच्या चाळीत दादांची 70 वर्षं गेली. 91 व्या वर्षी ते गेले, त्या दिवशी दारातल्या चपला जिन्यापर्यंत पोचल्या होत्या आणि आलेल्यांतले निम्मे मला माहीतच नव्हते. वर्षश्राद्धाला वाटायला मी 16 पानांची पुस्तिका केली. तुमच्याकडेही असा गोतावळ्यातला माणूस असेल, तर सुरुवात घरच्यांपासून करू नका. आपण सगळे 'फार प्रेमळ होते' यापुढे जात नाही.

आधी ट्रंक उघडा. दादांच्या ट्रंकेत गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, भजनी मंडळाचा जमाखर्च आणि भिशीची वही निघाली. त्यातली नावं उतरवून काढली, तीच माझी फोन करायची यादी झाली.

भेटायला गेलात की 'कसे होते हो?' विचारू नका. कुठे बसायचे, कुणाशी वाजलं होतं, तुमच्याकडे शेवटचे कशाला आले होते, असं विचारा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तासभर गुणगान केलं, त्यातलं एक वाक्य कामाला आलं नाही. निघताना मी भिशीची वही दाखवली आणि त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, गिरण्यांच्या संपात मुलाची फी थकली होती, भिशी लागली होती दादांना, त्यांनी आपला नंबर आम्हाला दिला. घरी मात्र दादांनी सांगितलं होतं की चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. आईला हे इतक्या वर्षांनी कळलं. 'म्हणजे माझ्या पाटल्या गहाण गेल्या त्या ह्यापायी होय!' हे वाक्य मी जसंच्या तसं छापलं. नातेवाइकांना आवडलं नाही. असू दे.

सनावळी कुणाच्या लक्षात नसते. गिरणगावात 'संपाच्या आधी की नंतर?' विचारलं की काम होतं. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. त्याहून जुनं असेल तर ट्राम चालू होती का ते विचारा. एका फोटोखाली मी 1966 टाकलं होतं. दादांच्या मागे ट्राम उभी आहे, हे माझ्या भाच्याने दाखवलं. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली!

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका. दात साफ करायचा धागा मागून हळूहळू सरकवा. सुटत नसेल तर तसाच खिडकीजवळ ठेवून मोबाइलने काढा, फ्लॅश बंद करून. मागे नावं लिहायची ती पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

रेकॉर्डिंग करताना कुकर लावलेला नाही ना, तेवढं पाहा.

लिहिताना 'मनमिळाऊ' किंवा 'हाडाचा कार्यकर्ता' आलं की खोडा. त्याजागी मी लिहिलं, 'रात्री कुणाचं दुखलंखुपलं की दादा बनियनवरच टॅक्सी आणायला धावत.'

मध्ये पिन मारायची असल्याने पानं चारच्या पटीत धरा आणि शेवटचं कोरं सोडा. आमच्याकडे जेवणं उरकल्यावर भजनी मंडळाच्या बुवांनी पेन मागून घेतलं आणि त्या पानावर लिहिलं, 'पेटीच्या दुरुस्तीचे 40 रुपये दादांकडून येणे.'